रेजिना शांत बसते

स्वान हिल,
९ मे २००४

एड्रियन,

आशीर्वाद लिहायला हात अजून धजत नाही, तेव्हा ते सोडून कामाचं लिहितो. हे पत्र तुला म्हणून नाही, तुझ्या बेडकीबद्दल आहे.

फ्रँका नवऱ्याच्या नोकरीपायी पर्थला राहायला गेली. तुझी काचेची पेटी जाताना माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवून गेली. तिकडच्या राज्याच्या सीमेवर सफरचंदसुद्धा आत नेऊ देत नाहीत, बेडूक कुठला नेऊ देतील? मी तिला म्हटलं, तीस वर्षं भाजी-फळं विकली, आता म्हातारपणी झुरळं पकडत हिंडू का? तर म्हणाली, "पप्पा, रेजिना गेली तर ते एड्रियनला तुम्ही कळवायचं, मी नाही." तुझी बहीण थेट आईवर गेली आहे. आई जाऊन अकरा वर्षं झाली, पण घरात शेवटचा शब्द अजून तिचाच.

तर ती माझ्याकडे आहे. खोली ऊबदार आहे, केळी तिथेच पिकायला ठेवतो. दिवसभर ती काचेला चिकटून पाय पोटाशी घेऊन झोपते, आणि मी दुकान बंद करायला लागलो की डोळे उघडून बघते, जणू भाडं मागायला आली आहे. तू नऊ वर्षांचा असताना आणलीस, म्हणजे आता पंधरा वर्षांची झाली. इतकं जगतात हे बेडूक? रातकिडे किती घालायचे, पाणी कसं बदलायचं, सगळं सविस्तर लिही. फ्रँकाने कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद मी टोमॅटो बांधून कोणाला तरी देऊन टाकला.

तू दुकानात फोन करतोस तो मी ठेवून देतो, त्याचा राग धरू नकोस. तुझा आवाज यायच्या आधी ती बाई बोलते ना, "हा फोन तुरुंगातून आहे, घ्यायचा असेल तर एकचं बटण दाबा", ती ऐकली की माझा हात आपोआप खाली जातो. समोर गिऱ्हाईक असतं. गावात सगळ्यांना माहीत आहे तरी असतंच.

दोन वर्षांत भेटायला का आलो नाही, तेही तुला माहीत आहे. सँड्रो माझ्या सख्ख्या भावाचा, वितोचा मुलगा होता. वितो आजही मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे जातो, आणि मी त्याला दोष देत नाही. लग्नाहून येताना तू पिऊन गाडी झाडावर घातलीस, हे मी एक वेळ गिळलं असतं. पोरं पितात. पण पोरगा श्वास घेत होता आणि तू चाळीस मिनिटं त्याच्याशेजारी बसून राहिलास, खिशात फोन असून. डॉक्टर कोर्टात म्हणाले, वेळेवर कळवलं असतं तर वाचला असता. ते माझ्या घशाखाली उतरत नाही. माणूस कसा बसतो चाळीस मिनिटं?

असो. रातकिड्यांचं लिही.

नुन्झिओ त्रिपोदी

---

१७ मे २००४

पप्पा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि ते दिवसभर तसंच न फोडता जवळ ठेवलं. इथे उघडूनच देतात, त्यामुळे न फोडता म्हणणंही खरं नाही. संध्याकाळी वाचलं.

तुम्ही विचारलंत त्यावर मला उत्तर देता येत नाही. बेडकीबद्दल देता येईल.

आठवड्यातून तीनदा पाच-सहा रातकिडे पुरेत. हिवाळ्यात भूक कमी होते, तेव्हा चार-पाच दिवस खाल्लं नाही म्हणून घाबरू नका. पाणी नळाचं लगेच घालू नका, बादलीत एक दिवस उघडं ठेवून मग घाला. तिला हात लावायची वेळ आली तर आधी तेच पाणी हातावर घ्या. साबण, मीठ, घाम, काहीही चालत नाही. ती तोंडाने पाणी पीत नाही पप्पा, कातडीनेच पिते, कातडीनेच श्वासही घेते. तिच्या कातडीला जे लागेल ते तिच्या पोटात गेलं असं धरा.

आता नीट वाचा, कारण इथून पत्र बाहेर पडायला आठवडा लागतो, कधी जास्त. ते आधी वाचतात. काही गोष्टी अशा आहेत की त्या दिसल्या तर मला विचारायचं नाही, माझ्या उत्तराची वाट बघायची नाही. तिला उताणी केली आणि ती स्वतःहून सुलटी झाली नाही. मागचे पाय पोटाशी न घेता लांब टाकून बसली. पोट किंवा मांड्यांची आतली बाजू लाल दिसली. यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला दुकान बंद करून तिला मेलबर्नला न्या. गावातल्या गुरांच्या डॉक्टरला बेडकातलं कळत नाही, तो स्वतःच तसं सांगतो. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओलं फडकं अंथरा, त्यावर तिला ठेवा, डब्यात पाणी साचू देऊ नका. डॉक्टरचा पत्ता पेटीच्या खाली चिकटवलेला आहे.

बेडूक दुखण्याने ओरडत नाही, कण्हत नाही. त्याला अगदी बरं नसलं की तो फक्त शांत होतो. दिसायला लागलं म्हणजे बराच उशीर झालेला असतो.

अजून तीन वर्षं आहेत मला. झाडबेडूक वीस वर्षंही जगतात. मी बाहेर येईन तेव्हा ती अठराची असेल. इथे बटाटे सोलताना मी एवढाच हिशोब करतो. दर आठवड्याला एक ओळ लिहा, "जिवंत आहे" एवढीच. बाकी काही लिहायला नको.

एड्रियन

---

स्वान हिल,
६ जून

एड्रियन,

एका ओळीत आटपणारा माणूस मी नाही, हे तुला माहीत हवं. तुझी आई म्हणायची, हा "काय, कसं?" विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला आजोबांच्या लग्नापासून सांगायला लागतो.

तुझी बेडकी मला चांगली ओळखायला लागली आहे. आधी हात पेटीत घातला की उडी मारून कोपऱ्यात जायची. आता हातावर घेतली तरी शांत बसते, उडी नाही, धडपड नाही. बाकावर घेऊन बसलो तर अर्धा अर्धा तास माझ्या तळव्यावर बसून राहते. गिऱ्हाइकं बघायला येतात. मिसेस डोनेली म्हणाली, नुन्झिओ, तुझ्या बायकोनंतर तुझं ऐकणारी ही पहिलीच. मी हात आधी तुझ्या त्या बादलीतल्या पाण्यात बुडवतो, काळजी करू नकोस.

दिवसाही आता जागी असते, पाण्याच्या ताटलीत बसते. रोज कात टाकते. काल तर दोनदा टाकली, लग्नाच्या दिवशी नवरी कपडे बदलते तशी. मला वाटतं वाढते आहे. खाणं मात्र कमी झालं आहे, पण ते तू लिहिलंच होतंस, थंडी आहे. कातडी जरा काळपट आणि कोरडी दिसली म्हणून परवा पाठीवर बोटाने थोडं ऑलिव्ह तेल लावलं, घरचं, तुझ्या मावशीच्या झाडांचं. तुम्हा दोघांनाही लहानपणी मी तेच लावत होतो, कातडी फुटली की. लगेच चकाकायला लागली.

आणि एक गोष्ट केली आहे, ती ऐकून तुला बरं वाटेल. तू पत्र लिहिलंस त्याच आठवड्यात केळ्यांच्या खोक्यातून एक बेडूक निघाला, क्वीन्सलंडहून आलेला, अगदी रेजिनासारखाच, फक्त लहान. दरवेळी निघाला की मी तो डब्यात घालून ट्रकवाल्या ट्रेव्हरच्या हाती परत मेलबर्नला पाठवतो, तिथे ती भटके बेडूक सांभाळणारी बेडूकवाली बाई त्यांना वेगळं ठेवते, तुला माहीतच आहे. यावेळी नाही पाठवला. पंधरा वर्षं ही बिचारी एकटी काचेत. मी म्हटलं, एकटेपण काय असतं ते आम्हाला विचार. तिच्या पेटीतच सोडला. पहिल्या दिवशी दोघं दोन कोपऱ्यांत, आता एकाच फांदीवर असतात, म्हणजे असायची, ती आता खालीच ताटलीत असते. पोरगा बरा आहे, खातोही भरपूर.

वितोने गाडी विकली असं ऐकलं. बाकी काही नाही.

पप्पा

---

११ जून, शुक्रवार

पप्पा,

पत्र आज दुपारी मिळालं. आतापर्यंत चार वेळा दुकानात फोन केला. चारही वेळा तुम्ही त्या बाईचं बोलणं पुरं होऊ न देता ठेवून दिलात. फ्रँकाचा नवा नंबर इथे मंजूर व्हायला अजून तीन आठवडे आहेत. इथल्या एका साहेबाला विनवलं की माझ्या वडिलांना एक निरोप द्या. तो म्हणाला, काय निरोप? मी म्हणालो, बेडूक आजारी आहे. तो हसला आणि निघून गेला, आणि मला त्याचा रागही आला नाही. सोमवारी सुट्टी आहे, म्हणजे हे पत्र कधी पोचेल ते मला माहीत नाही. म्हणून सगळं थोडक्यात.

हे वाचत असाल तिथेच थांबा आणि तिला न्या. ती तुम्हाला ओळखायला लागलेली नाही. तिच्यात उडी मारायची ताकद उरलेली नाही, म्हणून ती हातावर बसते. दिवसा उघड्यावर बसणं, रोज कात टाकणं, काळपट पडणं, ही कातडीची बुरशी आहे, आणि ती त्या केळ्यातल्या बेडकाकडून आली आहे. ती बेडूकवाली बाई त्यांना दोन महिने वेगळं ठेवते ते याचसाठी. तो बरा दिसतो, पण त्याच्या अंगावर ती असू शकते. मी तुम्हाला हे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण आजवर तुम्ही एकही बेडूक ठेवून घेतला नव्हता. ती चूक माझी.

तेल लावू नका. स्वच्छ साठवलेल्या पाण्याने हलकेच धुवा. तिला उलटी करून बघा. सुलटी होत असेल तर अजून वेळ आहे, औषध आहे, त्या पाण्यात रोज बुडवतात आणि बरे होतात. दोघांनाही न्या, वेगवेगळ्या डब्यांत. मेलबर्न चार तासांवर आहे. दवाखाना सहाला बंद होतो.

तुम्ही विचारलं होतंत, माणूस कसा बसतो चाळीस मिनिटं. मी तुम्हाला एवढंच सांगतो की बसू नका. "जरा थांबून बघू" असं मनात आलं की उठा. मला यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

मी आता रोज पाचला फोन करतो. फोनवरच्या त्या बाईला एकदा बोलू द्या पप्पा, आणि एक दाबा.

एड्रियन

---

स्वान हिल,
२४ जून

एड्रियन,

पत्र मंगळवारी मिळालं. रेजिना बरी आहे. काळजी करू नकोस. थंडी फार आहे. संत्री चांगली आली आहेत.

पप्पा

---

३ जुलै

पप्पा,

तुमचं पत्र पाच वाक्यांचं आहे. तुम्ही औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा पाच वाक्यांत वाचून दाखवू शकत नाही.

नेली होती का? डॉक्टर काय म्हणाले? औषध कोणतं दिलं, किती मिनिटं बुडवायला सांगितलं? यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि संत्र्यांचं लिहिलं आहे.

मी बाहेर आल्यावर कळेल, असा विचार असेल तर तो सोडा. तीन वर्षं रोज खोटी बेडकी मोजत बसण्यापेक्षा मला आज खरं कळू द्या. मी ऐकू शकतो. याहून वाईट मी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे, भर कोर्टात, तुमच्या आणि वितोकाकांच्या समोर.

फोन आता करत नाही. तुम्ही लिहा.

एड्रियन

---

स्वान हिल,
१८ जुलै

एड्रियन,

रेजिना गेली. २३ जूनला, बुधवारी, सकाळी. मागचं पत्र मी ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी लिहिलं.

तीन आठवडे झाले, रविवार आला की लिहीन म्हणत होतो. आज लिहितो, आणि झालं तसं लिहितो.

तुझं ११ जूनचं पत्र मंगळवारी सकाळी साडेनऊला पोस्टमनने हातात दिलं. मी दुकानातच उभ्या उभ्या वाचलं. मागे गेलो. ती ताटलीच्या बाहेर पडली होती, मागचे पाय असे लांब टाकून. मांड्या आतून लाल होत्या. हे मला त्या दिवशी नव्याने दिसलं असं नाही. पाय तर मला शनिवारपासूनच दिसत होते. शनिवारी मी म्हटलं, अंग ताणते आहे. तुझं पहिलं पत्र गल्ल्यात होतं, त्यात तू हेच लिहिलं होतंस, आणि मी ते काढून पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर जावं लागलं असतं.

मंगळवारी मी तिला उलटी केली. ती तशीच पडून राहिली. पोट वर, एक हात हलवला, बस. मीच तिला सुलटी केली.

दहाला निघालो असतो तर दोनला पोचलो असतो. टाकी भरून पेट्रोल होतं. मिसेस डोनेली दुकान बघते म्हणालीही असती, बाहेरच उभी होती. मला कोणी अडवलं नव्हतं, काही काम नव्हतं. मी केळ्याच्या खोक्यावर बसलो, तिला हातात घेऊन. आधी म्हटलं, गिऱ्हाईक ओसरू दे. मग म्हटलं, तिला धुवून घ्यावं, डॉक्टरला तेल दिसेल. ते धुतलं. मग म्हटलं, दवाखान्यात सांगायचं काय? की साठ वर्षांचा माणूस, पोराने बजावलं होतं, आणि तरी हे सगळं केलं? मग म्हटलं, शांत आहे, झोपली आहे, उद्या पहाटे निघू, ताजंतवानं. आणि हे सगळं म्हणत असताना, एड्रियन, मला माहीत होतं. आतून पूर्ण माहीत होतं. तरी मी बसून राहिलो. घड्याळात दोन वाजले, तेव्हा मला हलकं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. दोन वाजले म्हणजे आता निघून काही उपयोग नाही, दवाखाना बंद होणार. म्हणजे आता निघायला नको. त्याचं मला बरं वाटलं.

बुधवारी पहाटे निघालो. दोघं दोन डब्यांत, शेजारच्या सीटवर. वाटेतल्या बेंडिगोच्या अलीकडे झाकण उचलून बघितलं तेव्हा ती गेलेली होती. बैल गेला नि झोपा केला, अशी माझी गत. गाडी कडेला घेऊन डबा नीट झाकला, आणि मग तसाच पुढे मेलबर्नला गेलो, कारण दुसरा जिवंत होता.

डॉक्टर तरुण बाई आहे. हसली नाही. तिने रेजिनाला पांढऱ्या कापडावर असं ठेवलं, जसं आपल्याकडे म्हाताऱ्या बायका गेलेल्या माणसाला ठेवतात. भिंगाखाली बघून म्हणाली, बुरशीच आहे, या लहान्यामुळे लागली, त्याला स्वतःला अजून काही त्रास नाही. तेलाने जीव गेला नाही, पण तेलाने मदतही केली नाही. आठवडाभर आधी आणली असती तर बरी झाली असती, असं तिने मी विचारल्यावर सांगितलं. आपणहून नाही सांगितलं.

मग तिने वही उघडली आणि विचारलं, "तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?"

मी म्हणालो, "कालच."

तिने लिहून घेतलं. काल. मी बघत होतो ती लिहिताना. एवढ्याशा प्राण्यासाठी, जिथे मला कोणी शिक्षा करणार नव्हतं, कोणी बोलही लावणार नव्हतं, तिथे मी खोटं बोललो. आणि मला कोर्ट आठवलं. तुला पण हेच विचारलं होतं, किती वेळाने फोन केलास. त्या रस्त्यावर तुम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. तू "लगेच केला" म्हणाला असतास तर कोणाला कळणार होतं? तू म्हणालास, चाळीस मिनिटांनी. मी मागच्या बाकावर होतो. मला तेव्हा तुझी शरम वाटली. आणि खरं सांगतो, त्याहून जास्त राग आला की हा सांगतो कशाला, वितोला हे ऐकायला कशाला लावतो.

मी दोन वर्षं तुला मनातल्या मनात एकच विचारत आलो, माणूस कसा बसतो. मला वाटायचं त्यासाठी माणूस आतून काहीतरी वेगळाच असावा लागतो. मला ते आता कळलं. तसं काही असावं लागत नाही. मी चार तास बसलो, तेही शुद्धीत, घोटभर वाइनही न घेता.

बेडकीची आणि सँड्रोची बरोबरी मी करत नाही. वितोसमोर हे वाक्य उच्चारायची माझी छाती नाही. पण बसणं तेच होतं.

रेजिनाला मी परत आणलं नाही. डॉक्टर म्हणाली, बुरशी पाण्यात-मातीत जाते, पुरू नका, आम्ही जाळतो. मी हो म्हणालो. तुला विचारायला हवं होतं, पण तुला विचारायला आठवडा लागतो. लहाना तिथेच राहिला, औषधावर आहे. बरा झाला की त्या बेडूकवाल्या बाईकडे जाईल. पेटी मी दवाखान्यातून दिलेल्या औषधाने धुतली आणि उन्हात उपडी ठेवली आहे.

तू मला फक्त "जिवंत आहे" एवढंच लिहायला सांगितलं होतंस. आता ते लिहिता येत नाही. बेडकीच्या निमित्ताने मला तुला लिहिता येत होतं, हेही खरं. मंगळवारी मी का बसलो, त्यात हेही होतं. डॉक्टरने ती जाणार म्हटलं, तर पुढे तुला काय लिहायचं, हे मला कळत नव्हतं, आणि अजून कळलेलं नाही.

मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. तरी म्हणतो.

तुझा बाप

---

२६ जुलै २००४

पप्पा,

पत्र चार दिवसांपूर्वी मिळालं. उत्तर तेव्हाच लिहायला घेतलं होतं, फाडलं.

ती नऊ वर्षांच्या पोराच्या तळहातावर मावायची तेव्हापासून माझ्याकडे होती. आई गेली त्या आठवड्यात मी कोणाशी बोललो नव्हतो, तिच्याशी बोललो होतो. मला राग आला आहे, आणि तो आला नाही असं लिहिणार नाही. तुम्ही शनिवारी पाय बघितलेत आणि मंगळवारी बसलात. माफ केलं असं मला आज लिहिता येत नाही. ते इतक्या सहज लिहिता आलं असतं, तर सँड्रोच्या बाबतीत मी स्वतःलाही ते कधीच लिहून मोकळा झालो असतो. मी रोज प्रयत्न करतो आणि होत नाही.

पण दोन वाजल्यावर हलकं वाटलं, हे तुम्ही लिहिलंत. ते मी चार दिवसांत कितीदा वाचलं ते सांगत नाही. मला वाटत होतं की हे जगात फक्त मला माहीत आहे.

आता एक सांगतो, जे मी कोर्टातही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं, किती वेळ एवढंच विचारलं होतं. सगळ्यांना वाटतं सँड्रो बेशुद्ध होता. तो बेशुद्ध नव्हता. झाडाला टेकून बसला होता आणि माझ्याशी बोलत होता. कण्हला नाही, रडला नाही. मध्येच हसलाही. तो ओरडला असता तर मी पहिल्याच मिनिटाला फोन केला असता, शपथेवर सांगतो. तो शांत होता पप्पा, म्हणून मला वाटलं तो बरा आहे, आणि जरा थांबलो तर माझी दारू उतरेल. मग तो आणखी शांत झाला. बेडूक शांत होतो तेव्हाच धावायचं असतं, हे तुम्हाला मी त्या पत्रात लिहिलं ना, ते मी बेडकांकडून शिकलेलो नाही.

तो काय काय बोलला ते मला शब्द न् शब्द आठवतं. त्यात वितोकाकांसाठी एक निरोप आहे. दोन वर्षं तो माझ्याजवळ पडून आहे, कारण तो दिला तर त्यांना कळेल की त्यांचा मुलगा तेव्हा बोलत होता. न द्यावा तर तो निरोप माझा नाही. हे मला एकट्याला ठरवता येत नाही, आणि तो इथे लिहिता येत नाही. माझं प्रत्येक पत्र तुमच्या आधी दुसरंच कोणीतरी वाचतं.

भेटीची वेळ रविवारी एक ते तीन. ओळखपत्र आणा. खायचं काही आणू नका, आत येऊ देत नाहीत. दारातला माणूस मोठ्याने विचारेल, कोणाला भेटायचंय, आणि मागे रांगेतले लोक ऐकत असतील. तेव्हा माझं नाव सांगा.

एड्रियन